जग कोणी मोजले

दर वर्षी उन्हाळी वर्गाच्या पहिल्या दिवशी छोटे सर व्यासपीठावर चढत, माइकवर टिचकी मारत आणि म्हणत, "मुलांनो, एका जगाने माझं जग बदललं."

मुलं हसत. पालक हसत. तिसऱ्या रांगेत बाकीच्या इनचार्ज सिस्टरांबरोबर बसलेली हाडांच्या वॉर्डाची सिस्टर तेवढी हसत नसे. तिला त्या भाषणाचा काना-मात्रा पाठ होता.

गोष्ट अशी, म्हणजे छोटे सर सांगत ती. सतरा वर्षांचे असताना ते याच इस्पितळाच्या उन्हाळी वर्गात आले होते. बायकांच्या हाडांच्या वॉर्डात त्यांना दिसलं की खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या बायका पहिले दोन दिवस शहाण्यासारख्या बोलतात आणि चौथ्या दिवशी मेलेल्या माणसांना हाका मारायला लागतात. डॉक्टर म्हणत, वय झालं. पण त्यातल्या बऱ्याच जणींचा पाण्याचा जग संध्याकाळीही काठोकाठ असतो, हे कुणी बघितलंच नव्हतं. जग ठेवायचे सगळे लॉकर पलंगाच्या उजव्या हाताला, तेही डोक्यामागे सरकवलेले. जग घ्यायचा तर उजव्या कुशीवर वळायला हवं, आणि ज्यांचा उजवाच खुबा मोडलेला त्या वळणार कशा? एकोणीस दिवस जग मोजले, आकडे मांडले, लॉकर डावीकडे नेले, आणि बडबड थांबली. "डॉक्टर व्हायला स्टेथोस्कोप लागत नाही," छोटे सर बोट उंचावून म्हणत, "डोळे लागतात!"

गोष्ट सोळा आणे खरी होती. फक्त ते डोळे त्यांचे नव्हते. सिस्टरचे होते.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या वर्गात सहाच मुलं घेत. तेव्हाही लोक त्यासाठी जीव टाकत, कारण मेडिकलच्या अर्जात एक अख्खं पान त्याच्यासाठी असे: रुग्णांमध्ये किती काम केलं, काय शिकलात, आणि सोबत इस्पितळाचं पत्र. गुण तर सगळ्यांचेच चांगले असत. निवड व्हायची ती त्या पानावर. सिस्टर एका शिंपिणीची मुलगी. घरात डॉक्टर सोडाच, कुणी कंपाउंडरही झालं नव्हतं. तिला जागा मिळाली तेव्हा आईने शिवणयंत्र थांबवून तिच्याकडे नुसतं बघितलं होतं.

घरातलं मापाचं भांडं पिशवीत घालून ती रोज वॉर्डात जायची. सकाळी आठला जग भरले की मोजायची, दुपारी चारला उरलेलं मोजायची. तिच्याच गटात मोठे सरांचा, म्हणजे हाडांच्या विभागप्रमुखांचा मुलगा होता. तेच छोटे सर. आले तर आले, नाहीतर नाही, असा त्यांचा खाक्या. शेवटच्या आठवड्यात ते गोड बोलून म्हणाले, "तुझी वही दे, आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. छान टाइप करून आणतो, दोघांच्या नावाने मांडू." तिने दिली. वही परत आली नाही. समारोपाच्या दिवशी छोटे सर तिच्या आधी उठले आणि तिचे आकडे, तिचे शब्द, तिने काढलेली पलंगांची आकृतीसुद्धा स्वतःची म्हणून मांडून मोकळे झाले. आयत्या बिळावर नागोबा.

ती मोठे सरांच्या खोलीत गेली. त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"पुरावा आहे?"

"माझी वही त्याच्याकडे आहे, सर."

"म्हणजे नाही. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात. जा."

तेवढ्यावर भागलं नाही. पत्र जातं ते बंद पाकिटातून. त्यात काय होतं ते तिला मेडिकलच्या मुलाखतीत कळलं, कारण समोरच्या गृहस्थांनी चष्मा सावरून ते वाचून दाखवलं: "कष्टाळू. परंतु दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगण्याची प्रवृत्ती. – यावर तुम्हाला काय म्हणायचंय?" तिला बरंच म्हणायचं होतं. पुरावा तिच्याकडे नव्हता. यादीत तिचं नाव आलं नाही. छोटे सरांचं आलं, वरून चौथं.

ती नर्सिंगला गेली. नर्स म्हणून ती कुणाहून उणी नव्हती. लग्न झालं, आडनाव बदललं, अंग भरलं, चष्मा लागला. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे याच शहरात यावं लागलं आणि नोकरी मिळाली ती याच इस्पितळात. छोटे सर तेव्हा विभागात नवखे डॉक्टर होते, पुढे विभागप्रमुख झाले. मोठे सर निवृत्त होऊन घरी बसले होते, पण मुलाचं 'छोटे' काही सुटलं नव्हतं. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिने त्यांना चौदा वर्षं पाण्यात पाहिलं. राउंडच्या वेळी फाइल पुढे करायची, "हो सर" म्हणायचं, आणि मनातल्या मनात दातओठ खायचे.

वॉर्डात तिला ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, मावशी. तेव्हा तिशीतली आया होती, आता निवृत्तीला टेकली होती. चारचौघांत ती "सिस्टर" म्हणे, एकटी असली की "पोरी".

नऊ वर्षांपूर्वी जुनं कपाट हलवताना सिस्टरला त्या उन्हाळ्याचं रिपोर्ट बुक, म्हणजे वॉर्डाची रोजची नोंदवही, सापडलं. तेव्हाची इनचार्ज, जिला सगळे तोफ म्हणत, तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आज उन्हाळी विद्यार्थिनीने एकोणीस दिवसांचे पाण्याचे आकडे दाखवले. उजव्या खुब्याच्या नऊ रुग्णांचे लॉकर डावीकडे घेतले. पुढे सिस्टरचं माहेरचं नाव, पूर्ण. मागच्या पानांवर विद्यार्थ्यांची हजेरी. त्या एकोणीस दिवसांत छोटे सरांच्या सह्या चार. तोफेने तेव्हा तोंड मिटलं होतं, पण पान फाडलं नव्हतं.

सिस्टरने ते बुक जागच्या जागी ठेवलं आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली. दाखवणार कुणाला? छोटे सर हसून म्हणाले असते, "अहो, आम्ही मुलं मुलं मिळून काम करायचो." संपलं असतं. शिकार टप्प्यात यावी लागते. ती डूख धरून बसली.

या वर्षी शिकार चालत आली.

"सिस्टर, बसू का दोन मिनिटं?" छोटे सर तिच्या काचेच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसलेही. "माझी मुलगी यंदा वर्गात आहे. तुमचाच वॉर्ड हवा म्हणून हटून बसलीय. बाबांची गोष्ट जिथे घडली तिथेच."

"बरं."

"कामं द्या तिला, पण जरा सांभाळून घ्या. आणि ते शेवटचं पत्र... माझ्या पत्राला कोण विचारणार, बापाचं पत्र ते. सगळं तुमच्या पत्रावर आहे. जरा घसघशीत लिहा."

"जशी दिसेल तशी लिहीन, सर."

"चांगलीच दिसेल हो! रक्त आहे ना ते."

"तेच बघायचंय," सिस्टर म्हणाली.

ते गेल्यावर मावशी फडकं घेऊन आत आली आणि स्वच्छ टेबल पुसायला लागली. "काय म्हणत होता?"

"मुलगी माझ्या हाती देऊन गेला."

"अगं बाई." मावशीचं फडकं थांबलं. "मग? सोलणार वाटतं?"

सिस्टरने पुढ्यातली फाइल उघडली. पण तिच्या मनात सगळं तयार होतं. मुलगी बापासारखीच पोकळ निघणार, दोन आठवड्यांत नाक मुरडून पळणार, आणि मग पत्रात एक अक्षरही खोटं न लिहिता तिचा निकाल लावता येणार. दर वर्षी अशी डझनभर मुलं ती बघत होती. बाकीच्या वॉर्डांत त्यांना स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून फोटो काढू देत, डॉक्टरांच्या मागे शेपटासारखं फिरू देत, आणि सात आठवड्यांनी ती जशी यायची तशीच घरी जायची. अर्जातलं पान तेवढं भरायचं.

मुलगी आली. सतरा वर्षांची, सडपातळ, खिशात एवढीशी डायरी. सिस्टरने पहिल्याच दिवशी तिला बेडपॅन दिलं. दुसऱ्या दिवशी पाठीला झालेली जखम धुताना भांडं धरायला उभं केलं. मुलगी पांढरीफटक पडली, भांडं शेजारच्या नर्सच्या हातात देऊन बाहेर धावली आणि मोरीत ओकली.

"जायचं असेल तर दार उघडं आहे," सिस्टर तिच्या मागे येऊन म्हणाली.

मुलीने तोंड धुतलं. "दारापर्यंत गेले होते, सिस्टर. परत आले. भांडं कुणाकडे आहे?"

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सिस्टरने तिला भरवायला लावलं, दर दोन तासांनी कूस बदलायला लावलं, नखं कापायला लावलं. कौतुकाचा एक शब्द नाही. चूक झाली की सगळ्यांसमोर. मुलगी मान खाली घालून ऐके आणि डायरीत लिहून ठेवी. मावशीने तिचं नाव कारकूनबाई ठेवलं. आज्यांना ती आवडायला लागली होती. सिस्टरला तेच आवडेना.

बारा नंबरच्या आजी चालायचं नाव घेत नव्हत्या. वॉकर हातात दिला की दोन पावलांत "दुखतंय, दुखतंय" करून बसायच्या. फाइलवर "असहकार" असा शेरा पडला होता. कारकूनबाई दोन दिवस नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सिस्टरजवळ येऊन म्हणाली, "आजींना पाय दुखत नाहीये. खांदे दुखतात. चालताना त्यांचे खांदे कानाला लागतात. वॉकर आधीच्या उंच बाईंच्या मापाचा राहिलाय, कुणी खाली केलाच नाही."

सिस्टरने स्वतः जाऊन वॉकरची चारही बटणं दाबून तो दोन खाचा खाली घेतला. आजी खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

त्या दिवशी सिस्टर जेवली नाही. मुलीला डोळे होते. बापाने चोरलेली गोष्ट देवाने मुलीला फुकट दिली होती. हिला पत्रात वाईट लिहायचं तर खोटं लिहावं लागणार, आणि खोटं पत्र लिहिणारा माणूस कसा असतो ते सिस्टरला चांगलं माहीत होतं. आता काय? पंचवीस वर्षांची आग अशीच गिळायची?

उत्तर मुलीनेच आणून दिलं. शेवटी प्रत्येकाने एक प्रकल्प मांडायचा असे. पाचव्या आठवड्यात ती म्हणाली, "सिस्टर, मी बाबांच्या जगावर करणार आहे. लॉकर फिरवल्यावर बडबड खरंच किती कमी झाली, ते आकड्यांत. आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मिळतील का?"

सिस्टरने तिच्याकडे नीट बघितलं. मग खिशातून किल्ली काढली.

"जुन्या कपाटात रिपोर्ट बुकं आहेत. मूळ नोंदीच बघ. ऐकीव गोष्टीवर जाऊ नको."

काट्याने काटा काढायचा, तर काटा टोकदार हवा. हा होता.

मुलगी दोन दिवस त्या कपाटासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिसऱ्या दिवशी कामाला आली ती गप्प. आज्यांना भरवलं, चादरी बदलल्या, कुणाशी बोलली नाही. दुपारी ती सिस्टरच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"बुकात एका मुलीचं नाव आहे. मी मावशींना विचारलं, ही कोण. त्या आधी सांगेनात. मग म्हणाल्या, काचेच्या खोलीत बसते ती." तिने डायरी मिटली. "तुम्ही ना?"

"हो."

"बाबांना माहीत आहे?"

"केलेलं माणसाला माहीत असतंच. मी तीच, हे माहीत नाही."

"वही...?"

"टाइप करून देतो म्हणून नेली होती."

मुलगी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. लहान असल्यापासून ती ही गोष्ट ऐकत आली होती. त्या गोष्टीपायी तिला डॉक्टर व्हायचं होतं.

"मी काय करू आता?"

इथे सिस्टरला सोपं उत्तर देता आलं असतं. 'विषय बदल, वॉकरवर कर,' म्हणता आलं असतं. तिने ते उत्तर जिभेवर घोळवलं आणि गिळलं.

"प्रकल्प तुझा. खरं मांडायचं की बापाचं, ते तू ठरव. पत्र मात्र मी प्रकल्प ऐकल्यावरच लिहिणार."

मुलीने तिच्याकडे असं बघितलं की जणू कुणी तोंडावर पाणी मारलंय. तिला त्या वाक्यातली धमकी ऐकू आली होती, आणि ती तिला ऐकू यावी म्हणूनच सिस्टरने ते वाक्य तसं ठेवलं होतं. हे आपण मोठे सरांकडूनच शिकलो, एवढं सिस्टरच्या मनात येऊन गेलं. पण ती थांबली नाही.

समारोप सकाळी अकराला होता. सभागृह भरलं होतं. आईबाप, मामा, काका, कॅमेरे. पहिल्या रांगेत अधिष्ठाता, शेजारी छोटे सर, आणि त्यांच्या पलीकडे नात बोलणार म्हणून मुद्दाम आणलेले मोठे सर. वय ऐंशीच्या पुढे, कान जवळजवळ गेलेले, काठी गुडघ्यांमध्ये. सिस्टर कडक इस्त्रीच्या गणवेशात तिसऱ्या रांगेत. दाराशी मावशी, काम सोडून.

मुलं एकेक करून आली. कुणी हात धुण्यावर बोललं, कुणी मधुमेहावर. टाळ्या पडत होत्या. मग कारकूनबाई चढली. तिने माइक खाली ओढला.

"माझ्या प्रकल्पाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'बाबांचा जग' असं छापलंय. ते मी बदललंय. आता नाव आहे, 'जग कोणी मोजले'."

छोटे सर कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, मुलगी रंगवून सांगतेय.

ती रंगवून काही सांगत नव्हती. कागदावरचं वाचत होती, एका सुरात. जग मोजले गेले ते एकोणीस दिवस. रोज सकाळी आठ आणि दुपारी चार. मोजणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव रिपोर्ट बुकात आहे. तिने नाव वाचलं. "त्या एकोणीस दिवसांत माझे बाबा वॉर्डात चार दिवस आले होते. हजेरीच्या पानाची प्रत मी जोडली आहे. आकडे त्यांचे नव्हते. लॉकर फिरवण्याची कल्पना त्यांची नव्हती. ती विद्यार्थिनी पुढे डॉक्टर होऊ शकली नाही. उजव्या खुब्याच्या रुग्णांमधला भ्रम त्या वर्षी निम्म्याहून कमी झाला. एवढंच."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. छोटे सर अर्धवट उठले, हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मला वाटतं, थोडा गैरसमज... आम्ही सगळे मिळूनच..."

आणि तेवढ्यात मोठे सर बोलले. बहिऱ्या माणसाला आपण कुजबुजतोय असं वाटतं, तेव्हा तो ओरडत असतो.

"काय म्हणाली रे? कुणाचं नाव घेतलं? ती शिंपिणीची पोरगी? तिचं तर आपण तेव्हाच मिटवलं होतं ना?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. छोटे सरांनी वडिलांचा दंड धरला. "बाबा, गप्प बसा." पण म्हाताऱ्याला तेही ऐकू आलं नाही. "अरे, पत्र लिहून टाकलं होतं मी!" तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

दाराशी मावशी होती. तिने हात उंचावून सरळ सिस्टरकडे बोट दाखवलं. "ती बघा बसलीय. तीच ती."

सिस्टर उठून उभी राहिली. दोनशे माना वळल्या. सिस्टरने फक्त एकाच माणसाकडे बघितलं. छोटे सरांच्या डोळ्यांत ओळख हळूहळू वर आली, तिच्या चष्म्यामागून, पंचवीस वर्षांमागून, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ती जागची हलली नाही. तो चेहरा तिने पोटभर बघून घेतला. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. तिला काही रितं वाटलं नाही. कित्येक वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

तासाभराने छोटे सर तिच्या खोलीत आले. या वेळी बसू का, असं विचारलं नाही, आणि बसलेही नाहीत.

"चौदा वर्षं माझ्यासमोर उभ्या होतात. एकदा बोलायचं होतं. मला सांगायचं, मला शिव्या द्यायच्या. माझ्या पोरीला मध्ये कशाला घातलंत?"

"तुमच्या वडिलांनी मला पुरावा मागितला होता. घरचाच आणून दिला."

"मी सतरा वर्षांचा होतो!"

"मीही."

ते वळले. दार मात्र जाताना हळूच लावलं.

त्यानंतर तीन दिवसांनी मुलगी किल्ली परत करायला आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"एक विचारायचंय. दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर किल्ली दिली असतीत?"

सिस्टरने खोटं बोलायचं टाळलं. "नाही."

"मला तेच वाटलं. घरी आजोबा जेवत नाहीत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी खरं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. पण मला वाटत होतं, तुम्ही मला शिकवताय." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "तुमचं पत्र मला नको. चांगलं लिहिलंत तर लोक बक्षीस म्हणतील, आणि वाईट लिहिलंत तर तुमच्यात आणि आजोबांच्यात काय फरक?"

"पत्र कालच गेलं. ते तुझ्या हातात नसतं, माझ्याही नाही."

मुलगी वळली. दारात थांबून म्हणाली, "बारा नंबरच्या आजींचा वॉकर व्यायामाच्या खोलीत जातो. तिथली माणसं परत वर करतात. लक्ष ठेवा." आणि गेली.

सिस्टरने आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं पत्र तेच होतं. दीड पान. वॉकर, मोरीतली उलटी, परत येऊन मागितलेलं भांडं, सगळं होतं त्यात. शेवटी लिहिलं होतं: ही मुलगी जे दिसतं ते सांगते, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली तरी सांगते. हे लिहिताना तिला लाज वाटली होती का? वाटली होती. ती किंमत कुणी मोजायला लावली, ते पत्रात नव्हतं.

पुढे जे झालं ते असं. छोटे सरांनी उन्हाळी वर्ग सोडला. विभाग सोडला नाही. ते हाडं चांगली बसवत, ते कुणी नाकारलं नाही. वर्ग सिस्टरकडे आला. तिने दोन नियम घातले. प्रत्येक मुलाच्या डायरीवर दर शनिवारी इनचार्जची सही, म्हणजे कुणाचं काम कुणाचं ते लिहिलेलं राहील. आणि इस्पितळातल्या कुणाचंही मूल याच इस्पितळात नको. स्टेथोस्कोपचे फोटो बंद झाले. पालक कुरकुरले. अर्ज मात्र वाढले.

मुलीला त्या वर्षी मेडिकल मिळालं नाही. मुलाखतीत त्यांनी तिला वॉकरबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त बापाबद्दल विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या शहरात, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशा इस्पितळात राबली. ही बातमी मावशीने आणली, तिला बातम्या कुठून मिळत देव जाणे.

"पोरी, परत तसंच केलं असतंस?" मावशीने विचारलं.

"त्याच्याशी? दहा वेळा."

"आणि तिच्याशी?"

सिस्टरने औषधांच्या ट्रॉलीवरच्या बाटल्या सरळ केल्या. त्या आधीच सरळ होत्या. मावशीने पुन्हा विचारलं नाही.

दीड वर्षाने, एका राउंडला, छोटे सर तीन नंबरच्या पलंगापाशी थांबले. आता ते तिच्याशी रुग्णाखेरीज बोलत नसत, तीही नसे. एक्स-रे उजेडाकडे धरून ते म्हणाले, "मुलीला मिळालं. मेडिकल."

"कुठे?"

"लांब. मुद्दामच लांब घेतलं तिने." एक्स-रे खाली आला नाही. "तुमचं नाव काढत नाही घरात. माझंही फारसं काढत नाही."

"चांगली डॉक्टर होईल."

त्यांनी एक्स-रे थोडा फिरवला. मग एक्स-रेकडेच बघत विचारलं, "तेव्हा तिच्या पत्रात काय लिहिलं होतंत, सिस्टर?"

दीड वर्ष हा प्रश्न माणसाला आतून खात होता, हे तिला आवाजावरूनच कळलं. एका वाक्यात त्याचं ओझं उतरवता आलं असतं.

"ते बंद पाकीट असतं, सर," ती म्हणाली, आणि चार नंबरच्या बाईंची फाइल उघडून पुढे केली.